जमुनाबाईच्या गिरणीवरचे रोडगे

शलमोनबुवा कीर्तनाला उभे राहिले की पुढच्या कडव्यात काय येणार, हे त्यांचं त्यांनाही माहीत नसतं. तयारी ते नीट करून येतात. गुडघे टेकून प्रार्थना करतात, वचन पुन्हा पुन्हा वाचतात, पदं बांधतात. पण एकदा पेटीने सूर धरला आणि तबला बोलायला लागला, की तयारी राहते अंजनगाव सुर्जीला त्यांच्या घरी आणि बुवा निघतात भलत्याच वाटेने. एका लग्नात त्यांनी त्या ओघात नवरदेव सोडून त्याच्या भावालाच आशीर्वाद दिला होता. पुढे त्या भावाचंही लग्न लवकर जमलं, ही गोष्ट वेगळी. आम्ही पातूरची मंडळी त्यांना बोलावतो ते या खोडीसकट. मी मागे बसून झांजा धरते, आणि बुवांची गाडी रुळावरून उतरली की आम्ही साथीदार एकमेकांकडे बघून नुसतं हसतो.

यंदा कापणीच्या सणाचं कीर्तन जमुनाबाईच्या गिरणीच्या अंगणात ठरलं होतं. अंगण मोठं, वर कडुलिंबाची सावली, आणि भोंगा लावला की शेजारची मोमीनांची गल्ली आणि पलीकडचे भाजीवाल्यांचे मळे, सगळीकडे आवाज जातो.

जमुनाबाईची गिरणी म्हणजे पिठाची चक्की. तिचा नवरा दानियल आणि ती, दोघांनी मिळून ती उभी केली आणि चालवली. त्या गिरणीची एक रीत होती. होळीनंतर नवा गहू घरात आला की पहिलं दळण घेऊन सगळे एकाच दिवशी गिरणीवर यायचे. ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, ज्याच्या घरी गहू आला तो डबा घेऊन यायचा. प्रत्येक डब्यातून एक मापटं गहू दानियल बाजूला काढायचा आणि जाडसर दळायचा. त्या पिठाचे गोळे अंगणातच गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. हेच आमच्याकडचे रोडगे. कोणी वांगी आणायचं, कोणी डाळ, कोणी तूप. दानियल देवाचे आभार मानायचा आणि मग सगळी गल्ली जेवायची. त्या दिवसापासून गिरणीचं नवं वर्ष सुरू.

मागच्या पावसाळ्यात दानियल गेला. दिवाळीच्या सुमाराला गिरणीची मोटर जळाली. जमुनाबाईने ती जळालेल्या मोटरी पुन्हा बांधून देणाऱ्या वाहेदकडे पाठवली आणि निरोप धाडला की ठेव तुझ्याकडेच, मला आता तिचं काम नाही. लोक हायवेवरच्या नव्या चक्कीवर जायला लागले. काहींनी घरातच छोटी घरघंटी घेतली. जमुनाबाई रविवारी भक्तीला येत होती, हसून बोलत होती, आणि कोणी जेवायला बोलावलं तर आत्ताच जेवले म्हणून सांगत होती. तिच्या घरात एक गव्हाचा डबा भरलेला होता, पण दळायला दुसऱ्याच्या चक्कीवर डबा घेऊन जायचं तिला होईना. गिरणीवालीने दुसऱ्याच्या दारात रांगेत उभं राहायचं, हे तिच्याने झालंच नाही. म्हणून घरात गहू असताना ती तांदळाच्या कण्या शिजवून खात होती. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

आणखी एक गोष्ट माहीत नव्हती. तिची मुलगी मोनाली अमरावतीला नर्स आहे. ती आईला न्यायला आली होती. गिरणी विकायचं ठरलं होतं. अकोल्याचा जुनी यंत्रं घेणारा एक पोरगा रविवारी दुपारी टेम्पो घेऊन येणार होता. दगड, सांगाडा, पट्टा, सगळं उचलून नेणार होता. जमुनाबाई रविवारी भक्तीनंतर मंडळीला हे सांगणार होती. शनिवारचं कीर्तन हा तिच्या मनात त्या अंगणाचा शेवटचा कार्यक्रम होता.

शनिवारी दिवस मावळायला आम्ही अंगणात बसलो. बुवांनी आख्यान घेतलं होतं सारफथच्या विधवेचं. दुष्काळ पडलेला, मडक्यात मूठभर पीठ उरलेलं, कुपीत थोडंसं तेल. ती विधवा वेशीजवळ काटक्या वेचायला आलेली, की एवढ्याची भाकर करावी, लेकरासोबत खावी आणि मग मरणाची वाट पाहावी. आणि नेमका तेव्हाच देवाचा संदेष्टा येऊन तिला म्हणतो, आधी मला एक भाकर करून आण.

बुवा त्या जागेवर आले आणि थांबले. त्यांनी उपरण्याने कपाळ पुसलं. मग खालच्या सुरात त्यांनी विधवेचं मन गायला सुरुवात केली. तिला राग येतो, ती संदेष्ट्याला म्हणते, बाबा, तुला लाज कशी वाटत नाही. मग ती त्याच्या डोळ्यांत बघते. तबल्याचा ठेका हळूहळू चढत गेला, आणि बुवांचा आवाज असा काही वर गेला की कडुलिंबावरची पाखरं उडाली. विधवेने पीठ मळलं. तिने भाकर भाजली. तिने ती आधी दुसऱ्याला दिली. आणि मडक्यात हात घातला तर पीठ होतंच.

आम्ही साथीदार डोळे मिटून वाजवत होतो. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. आणि त्या भरात, हात उंचावून, बुवांनी जे कडवं गायलं ते कुठल्याच तयारीत नव्हतं:

उद्या भक्तीनंतर यावे,
नव्या गव्हाचे रोडगे खावे,
जमुनाबाईच्या गिरणीवरती
कोणी उपाशी न जावे.

अख्ख्या अंगणाने ते उचललं. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. भोंग्यातून ते मोमीनांच्या गल्लीत गेलं, मळ्यांत गेलं, पार नाल्याच्या पलीकडे गेलं. मी डोळे उघडून पाहिलं तर जमुनाबाई गिरणीच्या बंद दाराला टेकून उभी होती, आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

बुवांचा दोष एवढाच की गेली कितीतरी वर्षं कापणीच्या दिवसांत ते पातूरला आले की त्या अंगणात रोडगे खाऊन जायचे. गिरणी दिसली, नवा गहू आठवला, जिभेवर कडवं आलं. मोटर जळाल्याचं अंजनगावला कोण सांगणार?

रीतीप्रमाणे कीर्तन झाल्यावर बुवा ज्याच्या घरी कीर्तन त्याच्याच घरी जेवायला बसले. मी आणि पेटीवाला भाऊसुद्धा होतो. जमुनाबाईने भात आणि वरण वाढलं. बुवांना वाढलं, आम्हाला वाढलं, आणि स्वतः भिंतीशी बसून राहिली. बुवा म्हणाले की पोळी असती तर बरं झालं असतं, गिरणीवालीच्या घरी पोळी नाही हे नवलच. ते चेष्टेनेच म्हणाले. तेव्हा मोनालीच्याने राहवलं नाही.

तिने सगळं सांगून टाकलं. मोटर, कण्या, उद्याचा टेम्पो. रागात सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज फाटत होता. शेवटी म्हणाली, "बुवा, उद्या भक्तीत तुमीच उठा आन् सांगा का चुकून गायलं. माह्या आईची फजिती नका करू."

बुवांच्या हातातला घास तसाच राहिला. मोठा माणूस, पांढऱ्या मिशांचा, पण तो खाली मान घालून बसला. मग म्हणाले की होय, उद्या मी उभा राहतो आणि मंडळीची माफी मागतो, चूक माझी आहे.

जमुनाबाई म्हणाली, "काहून? गायलेलं वापस घेता येते का बुवा?"

"जमुनाबाई, घरात काई नाई अन्..."

"घरात काई नाई हे मले माईत हाय. तुमाले माईत नव्हतं. पर ज्याच्या नावानं तुमी गायलं, त्याले तर माईत होतं ना?" ती उठली आणि बुवांच्या ताटात उरलेला भात वाढला. "तुमी नाई बोलावलं लोकायले. त्यानं बोलावलं. आता पुरवायचं बी त्यालेच. मी फक्त चूल पेटवीन. अन् एक सांगते, माही गरिबी मंडळीत गाऊ नका. मांगून घेतलेले रोडगे मी नाई खाऊ घालत कोणाले."

मोनाली म्हणाली, "आई, टेम्पो येऊन राहिला उद्या."

"येऊ दे ना. त्याले बी जेवू घालू."

मी घरी गेले ते काळजी घेऊनच. खरं सांगायचं तर मनात मी बुवांवर जरा चिडले होते. विश्वास वेगळा आणि अख्ख्या गल्लीला जेवायला घालणं वेगळं, असं मला वाटत होतं. पण नुसतं वाटण्याने काय होतं.

रविवारी सकाळी लवकरच मी जमुनाबाईकडे गेले, मदतीला म्हणून. ती अंगण झाडत होती. तिने रात्रीच ठरवलं होतं की आपला गव्हाचा डबा डोक्यावर घेऊन हायवेच्या चक्कीवर जायचं. जाडसर दळून आणायचं आणि होतील तेवढे रोडगे करायचे. ज्या दारात ती इतके महिने गेली नव्हती तिथे आज जायचं, हे तिने अगदी साधेपणाने सांगितलं. डबा दाराशी काढून ठेवला होता, चुंबळही तयार होती.

ती डबा उचलायला वाकली आणि फाटक वाजलं. शेजारच्या मोमीनांच्या गल्लीतल्या खातूनबी, वाहेदची आई, आत आल्या. मागे त्यांची सून, आणि सुनेच्या डोक्यावर डबा.

"जमुना, माहा डब्बा पयला लाव," खातूनबी म्हणाल्या. "मी कवाची वाट पाहून राहिली तुह्या गिरणीची. त्या सडकेवरल्या चक्कीचं पीठ जळकं लागते. पोरं नाक मुरडतेत."

जमुनाबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "आपा, गिरणी कुठं चालू हाय?"

"म्हंजे? रातच्याला तर भोंग्यात गायलं. नव्या गव्हाचे रोडगे, जमुनाबाईच्या गिरणीवर. ते उगीच गायलं का?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गल्लीने कडवं ऐकलं होतं आणि गल्लीला रीत माहीत होती. गिरणीवर रोडगे म्हणजे नवं दळण सुरू. त्यांनी निमंत्रण ऐकलंच नव्हतं. त्यांनी ऐकलं होतं की गिरणी पुन्हा चालू झाली.

खातूनबींना मी काही सांगणार तोच फाटकातून आणखी दोघं आले. मग चार. मळ्यावरचे उत्तमराव सायकलला दोन्ही बाजूंनी वांग्यांच्या पाट्या बांधून आले आणि मागे कॅरिअरवर डबा. म्हणाले की दानियल गेल्यावर यंदा रोडगे होणार नाहीत असं धरून चाललो होतो, काल ऐकलं तेव्हा बरं वाटलं, ही वांगी सकाळीच तोडली. एकाने गोवऱ्यांचं पोतं आणलं. कोणाची डाळ आली, कोणाचं तूप. भक्तीची घंटा व्हायच्या आत अंगणात गव्हाच्या डब्यांची रांग लागली होती आणि प्रत्येक जण विचारत होता, जमुनाबाई, कोणाचा नंबर?

आणि गिरणी बंद. आत मोटरीची जागा रिकामी.

मोनाली मला बाजूला घेऊन म्हणाली की आता हे आणखी वाईट झालं, लोकांना डबे परत घेऊन जा म्हणून कोण सांगणार. तिचं बरोबर होतं. जमुनाबाई मात्र खातूनबींच्या समोर गेली आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं की मोटर जळालेली आहे, गिरणी विकायचं ठरलं आहे, आज टेम्पो येणार आहे. मागितलं तिने काहीच नाही. फक्त खरं ते सांगितलं. "तुमी माह्यावर भरोसा करून आले," ती म्हणाली, "म्हून तुमाले खोटं नाई सांगत."

खातूनबींनी पदराने तोंड पुसलं आणि सुनेला म्हणाल्या की फोन दे. फोनवर त्या लेकाशी, वाहेदशी, काहीतरी बोलल्या. बोलल्या म्हणण्यापेक्षा त्यांनी त्याला दरडावलं. आम्हाला एवढंच कळलं की तो झोपलेला होता आणि आता झोपणार नाही.

थोड्या वेळात वाहेद हातगाडीवर मोटर घेऊन आला. जमुनाबाईची मोटर. हिरवा रंग दिलेला, नवी तार बांधलेली.

"मावशी, दिवाळीलेच बांधून ठेवली होती," तो म्हणाला. तो लाजत होता, जणू चोरी पकडली गेली. "तुमी म्हटलं ठेव. मी ठेवणार होतो बी. पर अम्मी म्हणे, बांधून ठेव. दुखात माणूस काई बी इकून टाकते, अन् मंग रडते. तुमी मांगाल म्हून वाट पाहून राहिलो होतो."

जमुनाबाईने त्या मोटरीवर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती रडली नाही. म्हणाली, "मी मांगतलंच नाई. त्यालेच मांगतलं नाई, तर तुले कुठून मांगणार?"

हे तिने कोणाबद्दल म्हटलं ते मला तेव्हा कळलं. सगळे महिने ती प्रार्थनेत गिरणीचं नाव काढत नव्हती. फक्त म्हणायची, तुझी इच्छा. ते म्हणणं मोठं भक्तीचं वाटतं, पण तिच्या तोंडी ते दार लावून घेतल्यासारखं झालं होतं.

वाहेद मोटर बसवायला लागला. जमुनाबाईने पदर खोचला, वरचा दगड उचलायला दोन माणसं लावली, आणि छिन्नी-हातोडा घेऊन दगडाला टाके घालायला बसली. कित्येक महिने पडून राहिलेल्या दगडाला धार राहत नाही, टाके घातल्याशिवाय पीठ उतरत नाही. दानियल तिच्याकडून हे करवून घ्यायचा. मोनाली शेजारी बसून दगडावरचा भुगा झाडत होती. भक्तीची घंटा झाली, आम्ही देवळात गेलो, आणि सगळी उपासना होईपर्यंत मला त्या छिन्नीचा आवाज ऐकू येत होता. ऐकू येणं शक्य नव्हतं इतक्या लांबून, पण मला येत होता.

बुवांनी त्या दिवशी भक्तीत एक शब्द मागे घेतला नाही आणि जमुनाबाईच्या गरिबीचा एक शब्द काढलाही नाही. शेवटी एवढंच म्हणाले की चला, गिरणीवर जायचं आहे.

आम्ही सगळे देवळातून चालत गिरणीवर आलो. अंगणात गोवऱ्या पेटल्या होत्या, पातेल्यात वांग्याची भाजी शिजत होती, आणि पीठ नव्हतं. फाटकापाशी एक टेम्पो उभा होता.

टेम्पोवाला म्हणजे अकोल्याचा स्वप्निल. तरणा पोरगा, खांद्यावर दोरखंड. तो आत येऊन गर्दीकडे, चुलीकडे आणि मोटरीखाली आडव्या पडलेल्या वाहेदकडे पाहत होता. त्याला काही कळेना. म्हणाला की मावशी, मी माल न्यायला आलो, इथं तर लग्न दिसून राहिलं.

जमुनाबाई दगडाजवळून उठली. हाताला दगडाची पांढरी भुकटी लागलेली. तिने त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "लेका, मी तुले शब्द देला होता. तो आज मोडून राहिली. गिरणी नाई देत."

स्वप्निल चिडला, आणि चिडणारच. सकाळपासून दुसरं काम सोडून तो आला होता. त्याने विचारलं, "अजून चालू तर झाली नाई ना ती? मंग चालू नाई झाली तर? काई गॅरंटी हाय का तुमाले?"

सगळे जमुनाबाईकडे पाहत होते. मोनाली पाहत होती. वाहेदने मोटरीखालून मान बाहेर काढली होती. पट्टा अजून चढलेला नव्हता, बटन दाबलेलं नव्हतं. तिने थोडा वेळ मागून घेतला असता तरी कोणी काही म्हटलं नसतं.

"गॅरंटी नाई," ती म्हणाली. "पर मी आता हात आखडून घेत नाई. नाई चालू झाली तर हाच डबा घेऊन सडकेवरच्या चक्कीवर जाईन. गिरणी माही हाय. ती त्यानं देल्ली, अन् त्यानं न्यायची म्हणेपर्यंत मी इकत नाई."

बुवांनी डोळे मिटले. स्वप्निलने दोरखंड खांद्यावरून काढून जमिनीवर टाकला, पण गेला नाही. गर्दीत उभा राहिला, चालू होते की नाही ते बघायला.

वाहेदने पट्टा चढवला आणि बटन दाबलं.

मोटर घरघरली, पट्टा सळसळला, दगड फिरायला लागला. बुवांनी दोन्ही हात वर करून हालेलुया म्हटलं, आमच्या झांजा वाजल्या, पेटीवाल्याने सूर धरला. जमुनाबाईने वरच्या चाड्यात मूठभर गहू टाकला. खाली कापडी नळीच्या तोंडाशी हात धरला. काही आलं नाही. आणखी थोडा गहू टाकला. नळी रिकामीच. वर गव्हाचे दाणे नुसते उड्या मारत होते.

बुवांचा हात वर तसाच राहिला. मी झांजा मांडीवर ठेवल्या.

मग पट्ट्याकडे पाहता पाहता जमुनाबाई मोठ्याने हसायला लागली. दानियल गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. "बंद करा गा," ती म्हणाली, "उलटी फिरून राहिली माही गिरणी."

आता वाहेद काही करणार त्याआधी स्वप्निलच पुढे झाला. सवयीचं काम, त्याला राहवेना. म्हणाला की तीन वायरींतल्या दोन अदलाबदल करायच्या असतात, सरक भाऊ. वाहेद म्हणाला की मला काय माहीत नाही का. तरी त्याने पेचकस त्याच्या हातात दिला. गिरणी उचलून न्यायला आलेल्या पोराने वायरी बदलल्या, स्वतःच बटन दाबलं आणि बाजूला झाला.

दगडाचा आवाज बदलला. खोल झाला, भरीव झाला. जमुनाबाईने चाड्यात खातूनबींचा डबा ओतला. कापडी नळी फुगली आणि गरम, रवाळ, नव्या गव्हाच्या वासाचं पीठ तिच्या ओंजळीत पडायला लागलं.

तेव्हा कोणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं ओरडतील. सगळे नुसते त्या ओंजळीकडे पाहत होते. मग खातूनबींनी पीठ बोटांनी घेऊन वास घेतला आणि म्हणाल्या, "हे बघा, याले म्हणतेत पीठ." आणि अंगण हसायला लागलं.

प्रत्येक डब्यातून एक मापटं बाजूला निघालं. बायकांनी पीठ मळलं, गोळे केले, निखाऱ्यात पुरले. उत्तमरावांची वांगी भाजीला घेता घेता संपेनात. त्यांनी पाट्यांत आणखी भरून आणली होती, सोमवारच्या बाजारासाठी. स्वप्निलने तीन रोडगे खाल्ले आणि चौथ्याला नाही म्हणाला नाही. जाताना टेम्पो रिकामा कशाला न्यायचा म्हणून उत्तमरावांची उरलेली वांगी अकोल्याच्या बाजारात पोचवायचं त्याने कबूल केलं. म्हणाला की मावशी, तुमच्या गिरणीवर माझा राग नाही, पण पुढच्या वर्षी मला बोलवायला फोन कराल. जमुनाबाई म्हणाली की फोन कशाला, भोंगा ऐक.

जेवण सुरू व्हायच्या आधी आभाराची प्रार्थना करायची होती. आम्ही सगळे बुवांकडे पाहायला लागलो. बुवा मागे सरकले आणि म्हणाले की आज मी नाही, घरधनीण करील. जमुनाबाई कधी मंडळीत उभी राहून प्रार्थना करत नसे. ती उभी राहिली. पिठाने भरलेले हात तिने पुढे धरले आणि म्हणाली, "बापा, मी तुले मांगतलं नाई तरी तू देल्लं. आता मांगत जाईन. आमेन."

एवढीच प्रार्थना. मी खूप कीर्तनं ऐकली आहेत, मोठमोठ्या बुवांची. पण त्या दिवशीची ती एक ओळ मला अजून ऐकू येते.

संध्याकाळी मोनाली अमरावतीला निघाली, एकटीच. आईची बॅग तिने पुन्हा उघडून साड्या खुंटीला लावल्या होत्या. तिच्या पिशवीत आईने नव्या गव्हाचं पीठ भरून दिलं. फाटकापाशी तिने मला विचारलं की काकू, हे असं टिकेल का. मी म्हटलं की मला माहीत नाही, पण मी तुझ्या आईच्या बाजूने आहे. ती हसली आणि म्हणाली की मीसुद्धा. बस आली, ती चढली, आणि खिडकीतून तिने हात केला तेव्हा तिच्या केसांत पिठाचे पांढरे कण तसेच होते.

मी परत अंगणात आले. गोवऱ्यांची राख थंड होत होती. बुवा भिंतीशी बसून ठेका धरून काहीतरी गुणगुणत होते. नवं कडवं असणार. गिरणीच्या दारात अजून डब्यांची रांग होती. दिवसभर उभ्या असलेल्या जमुनाबाईने पदराने मानेवरचा घाम पुसला, दगडाजवळ जाऊन उभी राहिली आणि रांगेकडे पाहून खणखणीत आवाजात विचारलं,

"पुढचा डबा कोणाचा हाय?"